झाडीपट्टीतून क्रूझवर एन्टरटेन्मेंटची नोकरी, कोणी गेलं आहे का? अडीच लाख मागून रायले

वडसा_लोकल

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतो आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातला, आरमोरीकडच्या एका खेड्यातला, वय २४, बीए झालं, घरी तीन एकर धान. भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत वडस्याच्या एका नाटक कंपनीत साउंडवर असतो, म्हणजे मिक्सर मी चालवतो, जनरेटर लावण्यापासून माईक टांगण्यापर्यंत सगळं, आणि मधात डान्स सुरू व्हायच्या आधी पब्लिक गरम करायची अनाऊन्सिंगही माझ्याकडेच असते. खरं सांगायचं तर मले त्या अनाऊन्सिंगचीच मजा येते, मिक्सर पोटासाठी. बाकीचे महिने लग्नाचे डीजे, रोवणा म्हणजे धानाची लावणी, अन् मग नुसतं बसणं.

मागच्या महिन्यात नागपूरच्या एका ऑफिसमध्ये इंटरव्ह्यू झाला. "क्रूझ एन्टरटेन्मेंट स्टाफ", नोकरी पक्की, पगार डॉलरमध्ये, पण आधी त्यांचाच तीन महिन्यांचा कोर्स करायचा अन् सगळे मिळून अडीच लाख. पन्नास हजार भरले. बाबा म्हणाले धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, आले की बाकीचे देतो. चुकारे आले नाहीत अजून म्हणून थांबलो आहे, नाहीतर भरूनच टाकले असते.

विचारायचं हे की तिथं नेमकं काम काय असते? इंग्रजी किती लागते? आणि हे अडीच लाख बरोबर आहेत का? समुद्र मी एकदाच पाहिला आहे, कॉलेजच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, तोही लांबूनच कारण सरांनी पाण्यात जाऊ दिलं नाही.

व्हऱ्हाडी_ठेचा

लेका, इटियाडोह धरणाच्या कालव्यापलीकडं पाणी नाई पायलं तू अन् चालला अटलांटिकात! बरं ते जाऊ दे. चुकारे उशिरा आले म्हून सरकारले शिव्या देतो ना आपण, तुह्या बाबतीत त्या चुकाऱ्यानंच वाचवलं पाय. एक रुपया भरू नको आता. जाणकार येतीनच खाली, मी पाणी पिऊन येतो.

इंजिनरूम_अमरावती

मी मर्चंट नेव्हीत आहे, इंजिनवर, मालवाहू जहाजं. क्रूझचं मनोरंजन वगैरे मला काही माहीत नाही, पण पैशाचं आणि कागदांचं सांगू शकतो कारण ते सगळ्यांना सारखंच आहे.

जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचं, लायसन लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. प्रत्येकाला नंबर असतो आणि तो नंबर डीजी शिपिंगच्या साइटवर तपासता येतो. तुझ्या त्या ऑफिसला सरळ विचार, आरपीएसएल नंबर काय? उत्तर देताना तोंड कसं होतं ते बघ, अर्धं काम तिथंच होईल. दुसरं, एमएलसी २००६ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. कोर्स सोडले तर तू फक्त पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, आणि मेडिकल एवढा खर्च करायचा. व्हिसाचा खर्च जहाजाच्या मालकाचा, आणि करार संपल्यावर घरी परत पाठवायचा खर्चही त्याचाच.

कोर्सचं म्हणशील तर जहाजाला लागणारे कोर्स वेगळे असतात, पीएसटी, एफपीएफएफ, ईएफए, पीएसएसआर आणि सिक्युरिटीचा एसटीएसडीएसडी. म्हणजे पाण्यात तरंगणं, आग विझवणं, प्रथमोपचार असं. हे डीजी शिपिंगने मान्य केलेल्या संस्थेतच करावे लागतात, काही दिवसांत होतात, आणि खर्च हजारांत असतो, लाखांत नाही. आधी इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा सरकारी ओळख नंबर, काढायचा, मग कोर्स, मग सीडीसीचा अर्ज. तीन महिन्यांचा "क्रूझ डिप्लोमा" नावाचा प्रकार कोणत्याच जहाजाला लागत नाही.

पिवळ्या तापाची लस घे, सरकारमान्य केंद्रातच. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, पूर्वी दर दहा वर्षांनी घ्यावी लागायची, २०१६ पासून ती कटकट गेली.

भरलेल्या पन्नास हजारांची पावती आहे ना?

वडसा_लोकल

पावती आहे पण त्यावर "समुपदेशन शुल्क" लिहिलं आहे. नोकरी हा शब्दच नाही कुठे. आता दिसून रायलं ते.

खालचा_डेक

वडसा भाऊ, मी तुझ्याच भागातला, ब्रह्मपुरी तालुका. झाडीपट्टीत पाच सिझन साउंड केला आणि मग २०१६ मध्ये क्रूझवर गेलो, साउंड टेक्निशियन म्हणून, एकूण पाच कॉन्ट्रॅक्ट केले. शेवटच्या दोनमध्ये टेक्निकल करता करता होस्टिंगही केलं. आता नागपूरला इव्हेंटचं काम करतो. जरा मोठं लिहितो, वेळ मिळेल तेव्हा वाच.

पहिले हे डोक्यातून काढ की एन्टरटेन्मेंट स्टाफ म्हणजे कलाकार. जहाजावर गाणारे, नाचणारे, वाजवणारे वेगळे, त्यांचं ऑडिशन वेगळं. एन्टरटेन्मेंट स्टाफ किंवा क्रूझ स्टाफ म्हणजे दिवसभर पाहुण्यांना कशात ना कशात गुंतवून ठेवणारी पोरं. सकाळी दहाला प्रश्नमंजुषा, तिला ट्रिव्हिया म्हणतात, मग पिंगपाँगची स्पर्धा, दुपारी बिंगो, जहाज बंदरातून निघताना वरच्या डेकवर सेल-अवे पार्टी, तिथं उन्हात लाइन डान्स शिकवायचा, रात्री कराओके, त्यानंतर डीजे नाइट. आणि मधल्या वेळात पाटी धरून उभं राहायचं, "थिएटर इकडे", हसत. पाटी धरून हसणं हे मले सगळ्यात कठीण गेलं, कारण आपल्याकडे विनाकारण हसत उभा दिसला तर लोक विचारतात का झालं गा याले.

आता झाडीपट्टीशी तुलना कर. आपल्याकडे रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडते अन् पहाटेपर्यंत नाटक चालते, लोक थंडीत ब्लँकेट घेऊन बसतात, तिकीट काढून आलेले असतात आणि एक सीन पडला तर तिथंच सुनावतात. ते पब्लिक ज्यानं सांभाळलं त्याले कोणतंही पब्लिक सांभाळता येते, हे मी छातीठोक सांगतो. जहाजावरचं पब्लिक उलट आहे. त्यांचं पोट भरलेलं, सुट्टीवर आलेले, तुझ्यावर रागावणार नाहीत, पण उठून जातील. हळूच, ग्लास उचलून. शिव्या देणाऱ्या पब्लिकपेक्षा हे जास्त लागते बरं का.

साउंडचं सांगतो, तुले त्याचाच उपयोग होईल. जहाजाच्या थिएटरमध्ये हजाराच्या वर खुर्च्या, एकाच रात्री तोच शो दोनदा, एक लवकर जेवणाऱ्यांसाठी आणि एक उशिरा जेवणाऱ्यांसाठी. सगळं टाइमकोडवर बांधलेलं, वादकांच्या कानात क्लिक वाजत असते, लाइट, एलईडी भिंत, साउंड सगळं एका घड्याळावर चालते. हेडसेटवर स्टेज मॅनेजर म्हणणार "स्टँड बाय" आणि मग "गो", आणि तू त्या "गो" वर बटण दाबायचं, आधी नाही, नंतर नाही. आपल्याकडे नट वाक्य विसरला तर ऑर्गनवाला दोन सूर जास्त वाजवून सांभाळून घेते, तिथं कोणी कोणाले सांभाळून घेत नाही, घड्याळ पुढे जातच राहते. पहिल्या महिन्यात माझा हात थरथरत होता.

पण एक दिवस असं झालं की टाइमकोडच बंद पडला, चालू शोमध्ये. तिकडची शिकलेली पोरं स्क्रीनकडे पाहत बसली. मी सगळं हातानं चालवलं, गायिकेच्या तोंडाकडे पाहून, तिचा श्वास पाहून, जसं आपण नाटकात नटाच्या पायाकडे पाहून एन्ट्रीचं म्युझिक सोडतो तसं. अकरा मिनिटं. त्यानंतर माझं नाव त्यांना नीट घेता यायला लागलं.

समुद्र खवळला की अजून मजा. जहाजाच्या पोटाजवळ पंख असतात, स्टॅबिलायझर, त्यानं हलणं कमी होते पण बंद होत नाही. जास्त हलायला लागलं की नाचणाऱ्यांच्या उचलण्याच्या स्टेप रद्द, दोरीवर लटकायचे प्रकार रद्द, आणि ऐन वेळी शो बदलते. माझ्या डेस्कला पट्टे बांधलेले असायचे. उलटीचं विचारू नको. हिरवं सफरचंद खा म्हणतात सगळे. खा, पण होते तेव्हा होतेच.

राहायचं पाण्याच्या पातळीखाली, म्हणूनच हे नाव घेतलं मी इथं. दोघांत एक खोली, वरखाली बेड, पडदा ओढला की तेवढंच आपलं घर. खिडकी नाही. बाहेर दिवस आहे की रात्र हे घड्याळावरूनच कळते. स्टाफचा एक लांबलचक रस्ता असतो जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्याले अमेरिकेतल्या एका हायवेवरून आय-९५ म्हणतात. तिथून ट्रॉल्या, कपड्यांची गाठोडी, भाज्यांच्या पेट्या, नटूनथटून निघालेल्या नाचणाऱ्या पोरी, सगळं एकाच वेळी जात असते. मी मनात त्याले वडसा-कुरखेडा रोड म्हणत होतो.

उरलेलं उद्या लिहितो. इंग्रजीचंही.

धानकरी_काका

मी गेली बरीच वर्षं आमच्या गावच्या नाट्य मंडळाचं पाहतो. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री नाटक लावायचं म्हटलं की काय काय करावं लागते ते या पोरांना माहीत आहे. मला राग आला हे वाचून, लपवत नाही. नट मिळतात, डान्सर नागपूर-मुंबईवरून येतात, पण रात्रभर जागून मिक्सर सांभाळणारा शहाणा पोरगा मिळत नाही. आणि जो मिळतो तो जहाजावर पाटी धरून उभा राहायला जाणार.

आमच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, झाडीपट्टी रंगभूमीसाठी, इथंच राहून. सगळ्यांना पद्मश्री मिळत नाही हे मला समजते. पण इथंही काही आहे.

व्हऱ्हाडी_ठेचा

काका, राग बरोबर हाये तुमचा, पण त्या पोराले एका नाईटचे किती देता ते बी लिवा ना इथं.

धानकरी_काका

ते कंपनी देते, मंडळ नाही देत. पण प्रश्न समजला.

नागपूरची_मी

काका, मी तुमच्याच त्या नागपूरवरून येणाऱ्या डान्सरपैकी एक. दोन सिझन केले झाडीपट्टीत. वाईट बोलणार नाही, जेवण प्रेमानं वाढतात लोक, गाडी पोहोचली की गावातल्या बायका चहा घेऊन येतात. पण स्टेजवरून उतरल्यावर गाडीपर्यंत चालत जाताना काय ऐकावं लागतं तेही मला माहीत आहे.

मी क्रूझवर यूथ स्टाफ म्हणून गेले, म्हणजे पाहुण्यांची मुलं सांभाळायची, वयानुसार गट केलेले असतात, खेळ, चित्रं, छोटी नाटुकली. डान्सरच्या ऑडिशनला मी दोनदा नापास झाले, बॅले शिकलेल्या मुलींसमोर आपण टिकत नाही, मग हा मार्ग सापडला. बी.एड. केलेलं होतं ते कामी आलं. वडसा_लोकल, हे तुझ्यासाठीही लिहिते आहे, जाहिरातीत एकच "एन्टरटेन्मेंट" शब्द असतो पण आत पाच-सहा दरवाजे आहेत, आपल्याला उघडेल तो बघायचा.

मुलांबरोबर काम म्हणजे अर्धा वेळ खेळणी पुसणं. हसू नका. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजांची तिथल्या आरोग्य खात्याची माणसं न सांगता येऊन तपासणी करतात, १०० पैकी मार्क देतात, ८५ किंवा खाली आले की जहाज नापास. स्वयंपाकघर, पोहण्याचे हौद आणि मुलांची खोली, सगळं बघतात. नुसतं "आले" असं कळलं की पूर्ण जहाजावर बोर्डाच्या परीक्षेसारखी धावपळ. एकदा एका लहानग्यानं तोंडात घातलेला ठोकळा मी परत डब्यात टाकला आणि सुपरवायझरनं पाहिलं, तो दिवस आठवला की अजून कान गरम होतात.

मुलींना खास सांगते. पाहुण्यांशी जास्त जवळीक केली की त्याच बंदरात उतरवून घरी पाठवतात, दोघांची मर्जी असली तरी. त्रास झाला तर तक्रार लेखी करा, तोंडी नको. आणि घरच्यांना तुमच्या खोलीचा व्हिडिओ दाखवाच, नाहीतर ते सिनेमा बघून काहीतरी भलतंच समजतात. माझ्या आईनं खोली पाहून म्हटलं, अगं एवढ्या पेटीत तर आम्ही गहू ठेवतो.

खाण्याचं, स्टाफच्या मेसमध्ये वरण-भात मिळतो, भारतीय खूप असतात जहाजांवर, गोव्याचे तर विचारूच नका. मी जवसाची चटणी आणि तिखट नेलं होतं, तिखटाच्या वाटीसाठी केरळच्या मुलाशी मैत्री झाली ती अजून आहे. किटली, इस्त्री खोलीत ठेवू नका, आगीच्या भीतीनं जप्त करतात.

वडसा_लोकल

ताई खूप धन्यवाद. खालचा_डेक दादा, इंग्रजीचं सांगा ना. वाचता येते, लिहिताही बऱ्यापैकी येते, पण समोरचा बोलला की मी आधी मराठीत करतो डोक्यात अन् तोवर तो दुसरं बोललेला असतो.

खालचा_डेक

तेच होत होतं माझंही. इंग्रजी म्हणजे व्याकरण नाही, कान आहे. जहाजावर स्कॉटलंडचा वेगळं बोलते, फिलिपिन्सचा वेगळं, टेक्ससवाला तर तोंडच उघडत नाही. साउंडचं एक बरं आहे की शब्द ठरलेले असतात, माईक चेक, स्टँड बाय, गो, होल्ड. म्हणूनच म्हणतो, तू होस्ट म्हणून अर्ज करू नको आत्ता. होस्टच्या जागेसाठी जगभरातून लोक रांगेत असतात ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे. साउंडच्या जागेसाठी हातात काम असलेला माणूस पाहिजे असतो. तू स्टेजच्या मागून आत शिर. एकदा आत गेला की पुढे यायचे रस्ते आतूनच दिसतात.

माझं कसं झालं सांगतो. तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला ट्रिव्हियावाली पोरगी आजारी पडली आणि माईक माझ्याच हातात होता, कारण चेक करत होतो. क्रूझ डायरेक्टर म्हणजे एन्टरटेन्मेंटचा मोठा साहेब, तो म्हणाला वाच कार्डं. प्रश्नात अमेरिकेतल्या एका राज्याचं नाव होतं, स्पेलिंग पाहून मी दणक्यात वाचलं "अर्-कॅन्-सस". पूर्ण हॉल हसला. एक म्हातारी ओरडली "आर्कन्सॉ, हनी!" आता घरचा कार्यक्रम असता तर मी घामानं भिजलो असतो, पण तेव्हा काय झालं माहीत नाही, झाडीपट्टीतला अनाऊन्सर जागा झाला आणि मी म्हटलं, मॅडम, तुम्ही माझ्या गावाचं नाव म्हणून दाखवा, बरोबर आलं तर मी सगळी उत्तरं फोडतो. तिनं "ब्रह्मपुरी" म्हणायचा प्रयत्न केला. मग तिच्या नवऱ्यानं केला. मग पूर्ण हॉल करायला लागला. अर्धा तास ट्रिव्हिया बाजूलाच राहिली.

दुसऱ्या दिवशीपासून लोक विचारायला लागले, तो ब्रॅमापुरीवाला कधी आहे.

तर इंग्रजी लागते, रोज तास दीड तास ऐक, बोलताना स्वतःला रेकॉर्ड कर. पण समोरच्यावर तुझा ताबा किती, हे त्याच्याहून आधी पाहतात. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू होते, त्याआधी दोन-तीन मिनिटांचा स्वतःचा व्हिडिओ मागतात. त्यात भाषण ठोकू नको. काम करताना दाखव.

आणि हो, एक गोष्ट कोणी सांगत नाही. जहाजावर प्रत्येकजण आधी खलाशी असते, मग बाकीचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज झाला की तू साउंडवाला नाही, तू लाइफजॅकेट घालून तुझ्या ठरलेल्या जागी उभा राहून माणसं मोजणारा आहे. कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीजवळ खडकाला लागून आडवी झाली, १३ जानेवारी २०१२, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची ही सुरक्षेची ड्रिल झालेलीच नव्हती. तेव्हा नियम २४ तासांत ड्रिल घ्यायचा होता, नंतर बदलला, आता जहाज निघायच्या आधी किंवा निघताच घ्यावी लागते. ड्रिलमध्ये पाहुणे कंटाळतात, दारूचे ग्लास घेऊन येतात, आणि त्यांना न दुखवता गप्प करून ऐकवायचं काम एन्टरटेन्मेंटवाल्यांकडे येते कारण माईकवर बोलता येते त्यांना.

हिशोबनीस

थोडक्यात. आर्थिक वर्षात परदेशी जहाजावरचे दिवस सीडीसीतल्या साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याच्या आणि सुटल्याच्या, शिक्क्यांवरून मोजतात. भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर अनिवासी, आणि पगार एनआरई म्हणजे अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यात आला तर त्यावर इथं टॅक्स नाही. सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये चार दिवस इकडेतिकडे झाले की गणित बिघडते, म्हणून निघायच्या आधीच एखाद्या सीएला तारखा दाखवा. नंतर आलात तर आम्ही फक्त हळहळ व्यक्त करू शकतो.

गोंदियावाली

माझा भाऊ जातो. घरच्यांनी काय करायचं तेही कोणीतरी लिहा. तो गेला की आमच्याकडे वेळेचा पत्ता नसतो, रात्री तीनला फोन करतो आणि विचारतो झोपले होते का. आता जहाजावर इंटरनेट बरं झालं आहे, पूर्वी बंदरात उतरून फुकटचं वायफाय शोधायचा आणि तिथं सगळे स्टाफवाले भिंतीला टेकून ओळीनं बसलेले दिसायचे, मागे समुद्र आणि कोणी त्याच्याकडे बघतच नाही.

वडसा_लोकल

दादा एक विचारू? काकांचं वाचून मनात आलं. कॉन्ट्रॅक्ट सहा-सात महिन्यांचा असेल तर उन्हाळ्यात जाऊन दिवाळीला सिझनसाठी परत येता येईल ना? म्हणजे दोन्ही होईल.

खालचा_डेक

हा प्रश्न मी एजंटला २०१६ मध्ये विचारला होता. तो म्हणाला हो हो का नाही.

जॉइनिंगची तारीख कंपनी ठरवते. मी एप्रिल मागितला, ऑगस्ट मिळाला. ऑगस्टला गेला की फेब्रुवारीत सुटका, म्हणजे मंडई गेली, शंकरपट गेले, सिझनचा जीव गेला. ख्रिसमस ते नवीन वर्ष हा क्रूझवाल्यांचा सगळ्यात गर्दीचा काळ, तेव्हा कोणाले सोडत नाहीत. आपला सिझन अन् त्यांचा सिझन एकमेकांच्या डोक्यावर बसले आहेत. पाच कॉन्ट्रॅक्टमध्ये मला एकदाच दिवाळी घरी मिळाली.

२०२० मध्ये मार्चला कोरोनानं सगळी जहाजं थांबली तेव्हा मी जहाजावरच होतो. पाहुणे उतरले, आम्ही नाही. काही आठवड्यांनी आम्हाला पाहुण्यांच्या खोल्या दिल्या, खिडकी, बाल्कनी, एकेकाला एक. चार वर्षं खिडकीसाठी तडफडलो आणि मिळाली तेव्हा बाहेर नांगर टाकलेली रिकामी जहाजं, दुसरं काही नाही. रोज रात्री समोरच्या जहाजावरचा कोणीतरी टॉर्च हलवायचा, मी इकडून हलवायचो. तो कोण होता माहीत नाही. दोन-अडीच महिन्यांनी घरी पोहोचलो, गावच्या शाळेत क्वारंटाइन. त्या वर्षी इकडचा सिझनही नीट उभा राहिलाच नाही.

पुढच्या वर्षी वडस्याला गेलो, ओळखीच्या ऑफिसात बसलो, चहा झाला, गप्पा झाल्या. माझ्या जागेवर एक पोरगा होता, चांगला होता, मीच त्याले केबल गुंडाळायला शिकवलं होतं. मी म्हटलं एखादी नाईट मारतो. मालक म्हणाला, तुले परवडेल का गा आता आमच्या पैशात? खरंच विचारत होता तो, टोमणा नव्हता. मी उठलो अन् मग एक कॉन्ट्रॅक्ट अजून केला.

जा की नको जाऊ हे मी सांगणार नाही. दोन्ही होईल असं मात्र धरून चालू नको.

धानकरी_काका

हे वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

इंजिनरूम_अमरावती

कामाच्या तासांचंही लक्षात ठेव. नियम असा की २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७. तुझ्याकडून रोज तासांच्या नोंदीवर सही घेतात. खोट्या तासांवर सही करू नको, सुरुवातीला सगळे करतात कारण वरचा म्हणतो म्हणून.

वडसा_लोकल

अपडेट देतो. मंगळवारी नागपूरला गेलो. आरपीएसएल नंबर विचारला. साहेब म्हणाले तो "प्रोसेसमध्ये" आहे. मी म्हटलं मग पैसे परत द्या, तर म्हणे समुपदेशन झालेलं आहे. मी तिथंच रिसेप्शनवर बसलो अन् जे नवीन पोरं इंटरव्ह्यूला येत होती त्यांना अनाऊन्सिंगच्या आवाजात सांगायला लागलो की या पावतीवर नोकरी हा शब्द कुठे आहे शोधून दाखवा, जो शोधेल त्याले चहा. दोन पोरी उठून गेल्या. अर्ध्या तासात वीस हजार कॅश दिले अन् बाकीच्यासाठी पुढच्या महिन्याचा चेक. चेक वटते की नाही पाहू. पोलिसांत अर्जही देऊन ठेवला.

पासपोर्टचा अर्ज भरला. मुंबईला कोर्सला उन्हाळ्यात जाणार, सिझन संपल्यावर. हा सिझन पूर्ण करतो, काका.

व्हिडिओ करायचा आहे तर शनिवारी शंकरपट आहे शेजारच्या गावात, रात्री नाटक, तिथंच मिक्सरवर अन् मग अनाऊन्सिंग करताना शूट करतो म्हणतो. दोन वाक्यं इंग्रजीतही बोलतो मधात, पब्लिक काय करते पाहू.

व्हऱ्हाडी_ठेचा

पब्लिक म्हणन वन्स मोअर, नाईतर चप्पल. दोनी बी व्हिडिओत येऊ दे.

धानकरी_काका

ते आमचंच नाटक आहे शनिवारी. मंडळाच्या लोकांना सांगून ठेवतो, इंग्रजी बोलला तर पाच मिनिटं शांत बसतील. त्याच्या पुढची हमी नाही.

वडसा_लोकल

काका! तुम्ही त्या गावचे आहे हे माहीत नव्हतं. येतो. खालचा_डेक दादा, एकच टेन्शन आहे, त्या मैदानात जनरेटर जवळ असते अन् रेकॉर्डिंगमध्ये घुंऽऽऽ असा आवाज येते दरवेळी.

खालचा_डेक

जनरेटर मंडपाच्या मागं टाक, केबल लांब घे. अर्थिंगची सळाख ओल्या जागी ठोक, बांधीच्या धुऱ्याजवळ, अन् वरून बादलीभर पाणी ओत मिठाचं. तरी घुं आलं तर ऑर्गनची लाइन काढून पाहा, नव्वद टक्के तीच असते.